कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवताना: राज्याचे कायदे, कॉलेजचे अहवाल आणि आपली नोकरी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बे एरियात, सॅक्रामेंटोत, लॉस एंजेलिसच्या आसपास मराठी घरांमधून कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) शिकवणारे बरेच जण भेटतात. कुणी दिवसभर कंपनीत काम करून संध्याकाळी एक वर्ग घेतं, कुणाचं मुलं मोठी झाल्यावर हेच मुख्य काम झालेलं असतं. मीही गणित शिकवते, पार्ट-टाइम. नवीन लागलेल्यांकडून तेच ते प्रश्न येतात: चौथा वर्ग का मिळत नाही, डीन तिसऱ्या आठवड्यात यादीसाठी मागे का लागतो, सेमिस्टर संपल्यावर आपण नोकरीत असतो की नसतो. या सगळ्यांची उत्तरं राज्याच्या कायद्यात आहेत. त्यातली निम्मी उत्तरं नोकरीच्या कलमांत नसून कॉलेज राज्याला काय मोजून कळवतं त्या नियमांत आहेत, म्हणून इथे दोन्ही एकत्र घेतलं आहे. हा वकिली सल्ला नाही. स्वतःच्या प्रकरणात आधी युनियनशी बोला.

यासाठी एकच कायदा आहे का?

नाही. मुख्य आधार कॅलिफोर्नियाची शिक्षण संहिता, म्हणजे एज्युकेशन कोड. तिच्याखाली 'टायटल ५' नावाची नियमावली आहे, दरवर्षीचा अर्थसंकल्प आहे आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एक किंवा अनेक कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, युनियनशी झालेला करार आहे. संहिता किमान मर्यादा घालते, करार त्यावर बांधकाम करतो. त्यामुळे शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये शिकवणाऱ्या मैत्रिणीला मिळणारी सवलत तुम्हाला मिळेलच असं नाही.

एक वर्ष मात्र लक्षात ठेवा: १९८८. त्या वर्षी एबी १७२५ हा कायदा झाला ('एबी' म्हणजे असेंब्ली बिल, 'एसबी' म्हणजे सेनेट बिल). जॉन व्हॅस्कॉन्सेलॉस या आमदारांनी तो आणला होता. त्याआधी ही कॉलेजं कायद्याच्या नजरेत शाळांच्या रांगेत होती, शिक्षकाला राज्याचा परवाना लागायचा. एबी १७२५ ने त्यांना उच्च शिक्षणाच्या रांगेत आणलं, परवान्याऐवजी किमान पात्रता ठरवायची पद्धत घातली, अध्यापकांच्या अकॅडमिक सेनेटला कारभारात अधिकृत जागा दिली आणि टेन्युअरपूर्वीचा, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीचा, परिवीक्षेचा काळ लांबवला. आजची बहुतेक भांडणं याच कायद्यात दिलेल्या आणि पुऱ्या न झालेल्या वचनांवरून चालतात.

कॉलेज राज्याला इतके अहवाल का देतं?

पैशासाठी. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आणि ७३ डिस्ट्रिक्ट आहेत, वर्षाला सुमारे वीस लाख विद्यार्थी. राज्याच्या रहिवाशाला फी फक्त ४६ डॉलर प्रति युनिट, २०१२ च्या उन्हाळ्यापासून तीच. एवढ्या फीवर कॉलेज चालणं शक्य नाही. बाकीचा भार स्थानिक मालमत्ता कर आणि राज्याची तिजोरी उचलते. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कराला लगाम घातला, तेव्हापासून कॉलेजांचं सॅक्रामेंटोवरचं, म्हणजे राज्य सरकारवरचं, अवलंबन वाढलं. जो पैसे देतो तो हिशेब मागतो, आणि हिशेबात जे धरलं जातं त्याभोवती कॉलेजचं सगळं वेळापत्रक रचलं जातं.

'थ्री-ट्वेंटी' अहवाल म्हणजे काय? डीन सतत त्याचं नाव घेतात.

हा हजेरीचा अहवाल. वर्षात तीनदा जातो: १५ जानेवारीला पहिला, २० एप्रिलला दुसरा, १५ जुलैला वार्षिक. त्यात कॉलेज आपले 'एफटीईएस' कळवतं, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या भाषेत मोजलेली पटसंख्या. एक एफटीईएस म्हणजे ५२५ तासांचं शिक्षण: आठवड्याला १५ तास, ३५ आठवडे.

गणित सोपं आहे. आठवड्याला तीन तासांचा एक वर्ग, सेमिस्टरचा गुणक साडेसतरा आठवडे. एका विद्यार्थ्यामागे साडेबावन्न तास. असे दहा विद्यार्थी झाले की बरोबर ५२५ तास, म्हणजे एक एफटीईएस. तुमच्या वर्गात ३५ जण बसले असतील तर तुम्ही कॉलेजला साडेतीन एफटीईएस मिळवून दिले. प्रत्येकामागे राज्याचा मूळ दर पाच हजार डॉलरच्या आसपास आहे. आता हे आकडे स्वतःच्या पगाराच्या पावतीशेजारी ठेवून पाहा. मी नव्या सहकाऱ्यांना हे मुद्दाम करायला सांगते. ३५ मुलांचा वर्ग कॉलेजला का हवा असतो आणि १२ मुलांचा वर्ग आदल्या आठवड्यात का रद्द होतो, हे त्यातून जेवढं समजतं तेवढं कोणत्याही प्रशिक्षणात समजत नाही.

'सेन्सस'च्या दिवशी मी नक्की काय करायचं?

पूर्ण सेमिस्टरच्या वर्गात, साधारण एक पंचमांश काळ उलटला की सेन्ससचा, म्हणजे पटमोजणीचा, दिवस येतो. पारंपरिक पद्धतीत त्या दिवशी जे विद्यार्थी यादीत आणि प्रत्यक्ष शिकत आहेत, त्यांच्यावर पैसे मिळतात. नंतर कुणी वर्ग सोडला तरी त्या सेमिस्टरचा आकडा बदलत नाही.

म्हणून जे कधी आलेच नाहीत किंवा ज्यांनी येणं सोडलं आहे, त्यांना सेन्ससच्या आधी यादीतून काढणं ही कायद्याने तुमच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. 'बिचारा येईल परत' म्हणून नाव ठेवू नका. उद्या लेखापरीक्षकाने नोंदी मागितल्या आणि त्या विद्यार्थ्याचा एकही गृहपाठ, एकही हजेरी सापडली नाही, तर डिस्ट्रिक्टला पैसे परत करावे लागू शकतात. ऑनलाइन वर्गात नुसतं लॉग-इन पुरेसं नसतं, विद्यार्थ्याने काहीतरी केलेलं दिसावं लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत एक छोटी चाचणी किंवा चर्चेचं उत्तर ठेवा, त्याची नोंद आपोआप राहते.

काही छोट्या किंवा अनियमित वर्गांत मात्र प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष तास मोजतात. तुमचा वर्ग कोणत्या प्रकारात मोडतो ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पैसे फक्त पटावर मिळतात का?

२०१८-१९ पर्यंत जवळपास तसंच होतं. त्या वर्षी 'स्टुडंट सेंटर्ड फंडिंग फॉर्म्युला' आला. रचना साधारण अशी: सत्तर टक्के पटसंख्येवर, वीस टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर (पेल ग्रँट ही केंद्र सरकारची मदत घेणारे, फीमाफी घेणारे वगैरे), आणि दहा टक्के निकालावर. निकालात पदवी, प्रमाणपत्र, विद्यापीठात बदली, पहिल्या वर्षात ट्रान्सफर पातळीचं (विद्यापीठात बदली घेताना धरलं जाणारं) गणित आणि इंग्रजी पार पडणं, अशा गोष्टी धरतात. क्रेडिट वर्गांची, म्हणजे ज्यांचे युनिट मिळतात त्या वर्गांची, पटसंख्या तीन वर्षांच्या सरासरीने मोजली जाते, म्हणून पट घसरला की त्याची झळ दोन-तीन वर्षं पोचत राहते.

गणिताच्या माणसांसाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे २०१७ चा एबी ७०५ आणि त्याला धार देणारा २०२२ चा एबी १७०५. पूर्वी प्रवेश परीक्षा घेऊन मुलांना पायाभूत वर्गांत टाकायचे. एक वर्ग, मग दुसरा, मग तिसरा, आणि ट्रान्सफर पातळीचं गणित गाठायच्या आत अर्धी मुलं कॉलेज सोडून जायची. या कायद्याने हायस्कूलचे गुण आधी बघायला लावले आणि विद्यार्थी एका वर्षात ट्रान्सफर पातळी पार करण्याची शक्यता जास्तीत जास्त होईल अशीच व्यवस्था करायला सांगितली. कोणत्या वर्गात किती मुलं बसवली आणि का, याचा खुलासा कॉलेजांना राज्याकडे करावा लागतो.

याचे दोन परिणाम झाले. अनेक मुलांची वर्षं वाचली, हे मी वर्गात पाहते आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण पायाभूत बीजगणिताचे जे वर्ग बंद झाले ते बहुतांशी पार्ट-टाइम शिक्षकांकडे होते. कुणाला काढल्याचं पत्र गेलं नाही, पुढच्या सेमिस्टरला बोलावणं आलं नाही इतकंच.

निकालावर पैसे मिळतात म्हणजे गुण वाढवायचा दबाव येणार ना?

येऊ शकतो. म्हणून संहितेचं कलम ७६२२४ पाठ करून ठेवा. शिक्षकाने दिलेली ग्रेड अंतिम असते. चूक, लबाडी, वाईट हेतू किंवा अक्षमता सिद्ध झाली तरच ती बदलता येते. हे संरक्षण पार्ट-टाइम शिक्षकालाही तेवढंच आहे. पुढचा वर्ग मिळणं न मिळणं दुसऱ्याच्या हातात असताना त्याचा वापर करणं अवघड जातं, हेही खरं. गुणांची वही आणि ईमेल जपून ठेवा.

मला चौथा वर्ग का मिळत नाही? मुलं प्रतीक्षायादीत आहेत, मला वेळ आहे, डीन राजी आहेत.

६७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे. कलम ८७४८२.५ म्हणतं की एका डिस्ट्रिक्टमध्ये जो फुल-टाइम लोडच्या ६७ टक्क्यांपर्यंत शिकवतो, तो तात्पुरता कर्मचारी. त्यापलीकडे नेमलं तर तो तात्पुरता राहत नाही, त्याला कायमपणाच्या वाटेवर आणावं लागतं. ते डिस्ट्रिक्टला नको असतं, म्हणून ६७ ही भिंत होते. २००९ च्या आधी ती ६० वर होती.

फुल-टाइम लोड बहुतेक ठिकाणी आठवड्याला १५ लेक्चर तासांचा. तीन-तीन तासांचे तीन वर्ग घेतलेत तर नऊ तास, म्हणजे ६० टक्के. चौथा घेतला की ८० टक्के. कॅल्क्युलसचे पाच-पाच तासांचे दोन वर्ग घेतलेत तर दहा तास, ६६.६७ टक्के, जेमतेम आत. वर्ग किती युनिटचा आहे यावर कुणाचं घर किती चालेल ते ठरतं.

मूळ हेतू वाईट नव्हता. कॉलेजांनी कायम माणसं नेमण्याऐवजी तात्पुरत्यांवर पूर्ण लोड टाकू नये, हा तो हेतू. प्रत्यक्षात कॉलेजांनी एका कायम जागेऐवजी दोन तात्पुरती माणसं नेमली. मर्यादा ८०-८५ टक्क्यांपर्यंत नेणारी विधेयकं २०२१ आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने मंजूर केली, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी खर्चाचं कारण देऊन दोन्ही परत पाठवली. खुद्द शिक्षकांच्या संघटनांतही यावर एकमत नाही. मर्यादा उठली तर नव्या कायम जागा निघणारच नाहीत अशी भीती काहींना आहे. मला ती भीती समजते, पण ज्यांचं आयुष्य या भिंतीला टेकून चाललं आहे त्यांचं म्हणणं आधी ऐकावं असं वाटतं.

मग दोन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवलं तर चालतं का?

चालतं. मर्यादा प्रत्येक डिस्ट्रिक्टला वेगळी लागते. सकाळी फ्रीमाँटला, दुपारी सॅन होजेला, संध्याकाळी कूपर्टिनोला शिकवणारे शेकड्याने आहेत. त्यांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. सगळे वर्ग मिळून त्यांचं काम फुल-टाइम शिक्षकापेक्षा जास्त भरतं, आणि तरी ते कुठेच फुल-टाइम नसतात. मात्र एकाच डिस्ट्रिक्टची दोन कॉलेजं असतील, जसं फूटहिल आणि डी अँझा, तर दोन्हीकडचा लोड एकत्र धरला जातो. हा घोळ नवीन माणसाच्या लक्षात उशिरा येतो.

पार्ट-टाइम नोकरी किती पक्की असते?

कायद्याच्या अक्षरात फार कच्ची. कलम ८७६६५ नुसार तात्पुरत्या शिक्षकाची नोकरी दिवसाच्या किंवा आठवड्याच्या अखेरीस संपवता येते, आणि कधी संपवली या मुद्द्याखेरीज त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही.

थोडा आधार २०१६ मध्ये मिळाला. एबी १६९० आणि एसबी १३७९ या जोड विधेयकांनी, जिथे पुनर्नेमणुकीच्या प्राधान्याचा करार नव्हता तिथे तो १ जुलै २०१७ पर्यंत युनियनशी वाटाघाट करून करायला लावला, आणि विद्यार्थी-सेवेच्या एका राज्य निधीशी ती अट जोडली. किती सेमिस्टर शिकवल्यावर यादीत नाव लागतं, वर्ग नाकारला तर क्रम जातो का, मूल्यमापन खराब आलं तर काय, हे सगळं तुमच्या करारात लिहिलेलं असतं. तो करार डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असतो. पीडीएफ लांबलचक असतं, तरी तेवढा भाग वाचाच.

आणि फुल-टाइम मिळालं तर टेन्युअर किती वर्षांनी?

चार. पहिला करार एका वर्षाचा, दुसरा एका वर्षाचा, तिसरा दोन वर्षांचा. पुढे ठेवायचं नसेल तर १५ मार्चपर्यंत कळवावं लागतं, म्हणून मार्चचा पहिला पंधरवडा इथे सगळ्यांना जड जातो. टेन्युअरनंतर काढायचं तर ठोस कारण आणि पूर्ण सुनावणी लागते.

'पन्नास टक्के कायदा' कशाबद्दल आहे?

कलम ८४३६२. मुळं १९६१ पर्यंत जातात. डिस्ट्रिक्टच्या 'शिक्षणावरच्या चालू खर्चा'पैकी किमान निम्मा भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर आणि त्यांच्या भत्त्यांवर गेला पाहिजे, हा त्याचा गाभा. दरवर्षीच्या '३११' या आर्थिक अहवालात तो आकडा दाखवावा लागतो आणि बाहेरचा लेखापरीक्षक तो तपासतो. कमी पडला तर सूट मागावी लागते, नाहीतर राहिलेली रक्कम पुढे पगारावर खर्च करावी लागते.

पैसा कार्यालयात न मुरता वर्गात यावा, हा विचार मला आजही पटतो. गुंता असा की समुपदेशक आणि ग्रंथपाल शिक्षकांच्याच श्रेणीत येत असूनही त्यांचे पगार त्या निम्म्यात धरत नाहीत, एकूण खर्चात मात्र धरतात. एबी ७०५ नंतर मुलांना मार्गदर्शनाची गरज वाढली, आणि एक समुपदेशक नेमला की हे प्रमाण घसरतं. दोन कायदे कॉलेजला दोन दिशांना ओढतात.

आणखी एक गैरसमज: या कायद्याने फुल-टाइम जागा वाढत नाहीत. पार्ट-टाइम शिक्षकांचा पगारही त्याच निम्म्यात मोडतो. सगळे वर्ग तात्पुरत्या माणसांकडून घेतले तरी कॉलेज या कसोटीला उतरू शकतं.

मग फुल-टाइम जागांसाठी कोणता नियम आहे? ७५:२५ असं ऐकलंय.

एबी १७२५ ने ध्येय ठेवलं की क्रेडिट शिक्षणातले ७५ टक्के तास फुल-टाइम शिक्षकांनी घ्यावेत. ते ध्येयच राहिलं. राज्यभर ते कधी गाठलं गेलं नाही. डोकी मोजली तर आज दोन तृतीयांशाच्या आसपास शिक्षक पार्ट-टाइम आहेत.

प्रत्यक्षात चालतो तो 'फॅकल्टी ऑब्लिगेशन नंबर', सगळे 'फॉन' म्हणतात. प्रत्येक डिस्ट्रिक्टने किमान किती फुल-टाइम शिक्षक ठेवायचे त्याचा आकडा. १९८८ ची संख्या पाया धरून पटाच्या चढ-उताराप्रमाणे तो बदलतो. दर शरद ऋतूत कळवायचा असतो, आणि एकेका कमी जागेमागे दंड आहे. इथे मला खरा दोष दिसतो. ज्या डिस्ट्रिक्टकडे १९८८ मध्ये फुल-टाइम कमी होते त्यांचा आकडा आजही कमीच. तेवढा गाठला की कायदा पाळला गेला, मग ७५ टक्के कितीही दूर असोत.

राज्याने २०१८-१९ मध्ये पाच कोटी आणि २०२१-२२ मध्ये आणखी दहा कोटी डॉलर खास फुल-टाइम भरतीसाठी दिले, दरवर्षी मिळणारे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की ते पैसे भरतीवरच गेले का याची पुरेशी देखरेख चॅन्सलरच्या कार्यालयाने, म्हणजे राज्यातल्या या कॉलेजांच्या मुख्य कार्यालयाने, केली नाही. तुमच्या कॉलेजात जागा निघत नाहीत असं वाटत असेल तर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हाच अहवाल हातात घेऊन प्रश्न विचारा.

मूल्यमापन किती वेळा होतं?

तात्पुरत्या शिक्षकाचं पहिल्या वर्षात एकदा, पुढे किमान सहा सेमिस्टरमध्ये एकदा. टेन्युअरपूर्वी दरवर्षी, टेन्युअरनंतर तीन वर्षांत एकदा. लेखी प्रत मागून घ्या, पुनर्नेमणुकीच्या यादीसाठी ती लागते.

दोन सेमिस्टरच्या मधल्या काळात बेकारी भत्ता मागता येतो का?

बहुतेक वेळा येतो, आणि तो मागण्यात संकोच करू नका. शाळेच्या कायम शिक्षकाला सुट्टीत भत्ता मिळत नाही, कारण परतण्याची 'वाजवी खात्री' असते. १९८९ च्या सर्विसी खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सांगितलं की ज्याचा पुढचा वर्ग पट, निधी आणि कार्यक्रमातल्या बदलांवर टांगलेला आहे, त्याला अशी खात्री नसते. अर्ज भरताना 'पुढच्या सेमिस्टरला काम आहे का?' या प्रश्नाला नुसतं 'हो' लिहिणारे अडकतात. नेमणूक पटावर अवलंबून आहे, हे खरं ते स्पष्ट लिहा.

आपल्याकडची माणसं इथे हमखास मागे राहतात. 'सरकारी भत्ता कशाला' हा भाव असतो. तो विमा आहे, दान नाही.

आरोग्य विमा?

२०२२-२३ च्या अर्थसंकल्पाने चित्र बदललं. पार्ट-टाइम शिक्षकांच्या विम्यासाठी राज्य वर्षाला पाच लाख डॉलरही देत नव्हतं, तिथे वीस कोटींची कायम तरतूद झाली. फुल-टाइम लोडच्या ४० टक्के शिकवणारे पात्र, आणि वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमधला लोड एकत्र धरून ४० टक्के भरला तरी विचार होतो. पण डिस्ट्रिक्टने युनियनशी करार करून योजना सुरू केलेली असावी लागते. तुमच्याकडे ती नसेल तर पैसे सॅक्रामेंटोत पडून आहेत आणि मागणारा हवा.

पेपर तपासणं, तयारी, ईमेल, याचे पैसे मिळतात का?

बहुतेक करारांत मोबदला वर्गातल्या तासावर ठरतो आणि बाकीचं काम त्यात आलं असं मानतात. 'ऑफिस अवर'साठी, म्हणजे विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर भेटायच्या ठरलेल्या वेळेसाठी, राज्याचा वेगळा निधी आहे, तोही डिस्ट्रिक्टने घेतला असेल तरच. २०२२ मध्ये लाँग बीच डिस्ट्रिक्टमधल्या पार्ट-टाइम शिक्षकांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला: वर्गाबाहेरचे तास धरले तर आमचा मोबदला किमान वेतन कायद्यात बसत नाही. एफटीईएसमध्ये विद्यार्थ्याचा वर्गातला तास मोजला जातो, शिक्षकाचा रात्रीचा तास कोणत्याच अहवालात येत नाही. तो दावा याच दुखण्यावर बोट ठेवतो. आपले तास लिहून ठेवायची सवय लावा.

भारतातली पदवी चालते का? एच-४ वर असलं तर?

पदवी चालते, अमेरिकेतल्या मान्य संस्थेकडून तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. गणिताला एमएस्सी गणित सरळ बसतं. बीएस्सी गणित आणि पुढे संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात एमएस्सी असेल तरी बसतं. संगणकात वेगवेगळे विषय आहेत, त्यातल्या 'कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स'ला मास्टर्स लागत नाही, पदवी आणि दोन वर्षांचा संबंधित अनुभव पुरतो. पदवीचं नाव यादीशी जुळत नसेल तर 'इक्विव्हॅलन्सी'चा अर्ज करा. तो अकॅडमिक सेनेटची समिती तपासते, म्हणून विषयांची गुणपत्रकं आणि अभ्यासक्रम सोबत जोडा.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचा परवाना (ईएडी) असेल तर शिकवता येतं. परवाना संपण्याची तारीख सेमिस्टरच्या मध्ये येत असेल तर डीनला आधीच सांगा. एच-१बी वर दुसरी नोकरी म्हणून वर्ग घ्यायचा विचार असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एकही तास शिकवू नका.

रुजू होताना बोटांचे ठसे आणि टीबीची तपासणी लागते. लहानपणी बीसीजी टोचलेल्या आपल्या लोकांची त्वचेवरची चाचणी बरेचदा पॉझिटिव्ह दाखवते आणि मग छातीचा एक्स-रे, धावपळ. थेट रक्ताची चाचणी मागा.

वर्गात हायस्कूलची मुलं आहेत. त्यांच्याबाबत काही कळवण्याचं बंधन आहे का?

आहे. ड्युअल एनरोलमेंटमुळे सोळा-सतरा वर्षांची मुलं आता नियमित वर्गात असतात. कामामुळे ज्यांचा अल्पवयीनांशी नियमित संबंध येतो असे कॉलेज कर्मचारी कायद्याने 'मँडेटेड रिपोर्टर' असतात. मुलावर अत्याचार किंवा दुर्लक्ष होत असल्याचा वाजवी संशय आला तर तुम्ही स्वतः लगेच फोन करायचा आणि ३६ तासांत लेखी कळवायचं. डीनला सांगितलं म्हणजे कर्तव्य संपलं असं होत नाही. आपल्या समाजातलं मूल असेल, पालक ओळखीचे असतील, तेव्हा हे फार जड जातं. तरीही फोन तुम्हीच करायचा आहे.

महाराष्ट्रातल्या सीएचबीपेक्षा हे वेगळं कसं?

माझ्या वर्गमैत्रिणी महाराष्ट्रात नेट-सेट होऊन वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत, म्हणून हा प्रश्न मला नेहमी येतो. तासावर मोबदला, सुट्टीत काही नाही, दरवर्षी नव्याने नेमणूक, रिक्त कायम जागा: हे दोन्हीकडे सारखं. फरक हत्यारांचा आहे. इथे १९७५ च्या रॉडा कायद्याने शिक्षकांच्या युनियनला सामूहिक वाटाघाटीचा हक्क दिला, आणि पार्ट-टाइम शिक्षकही त्यात येतात. विम्याची तरतूद, पुनर्नेमणुकीची यादी, दोन्ही अशाच दबावातून आली.

माझ्या कॉलेजचे आकडे कुठे मिळतील?

चॅन्सलरच्या कार्यालयाचं 'डेटामार्ट' सगळ्यांसाठी खुलं आहे. पटसंख्या, निकाल, फुल-टाइम आणि पार्ट-टाइम शिक्षकांची संख्या कॉलेजवार दिसते. ३११ अहवाल आणि लेखापरीक्षण डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर शोधा, पन्नास टक्क्यांचा आकडा त्यातच असतो. १९५३ च्या ब्राऊन कायद्यामुळे विश्वस्त मंडळाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि लोकांना बोलायची संधी द्यावी लागते. बोलायला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. आधी फॉनचा आकडा आणि प्रत्यक्ष फुल-टाइम संख्या विचारा, मग पार्ट-टाइम विम्याचे राज्याचे पैसे डिस्ट्रिक्टने मागितले का, ते विचारा. उत्तर त्याच बैठकीत मिळणार नाही. लेखी मागा, आणि तुमच्या युनियन प्रतिनिधीला त्याची प्रत पाठवा.